गाना कोनी बांधला?

मांडवात पाऊल टाकलं की ती सगळ्यात आधी माझ्या स्पीकरचं तोंड भिंतीकडे फिरवायची. रामराम त्यानंतर. तो स्पीकर टेंपोतून उतरवायला मला दोन माणसं लागतात. पण तिनं कमरेचा एक धक्का दिला की तो मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा. मग पदर खोचत म्हणायची, "डबा बंद कर रं. आता मानूस बोलनार हाय."

ती धवलारीण होती. आमच्या कर्जत-खालापूरकडची एखादी हळद तुम्ही जवळून पाहिली असेल तर सांगायला नको. नसेल पाहिली तर एवढंच, की आमच्याकडे लग्न भटजी लावतात, पण हळद धवलारीण लावते. ती धवले गाते आणि गाण्याबरोबर एकेक काम पुढे सरकतं. तिनं गायल्याशिवाय हळद कुटायची नाही, नवरीनं पाटावर बसायचं नाही, आणि शेवटचा उठवणीचा धवला झाल्याशिवाय पाटावरून उठायचं तर मुळीच नाही. मधे एक नावांचा धवला येतो. ती विचारते, मांडव कोनी घातला? घरच्यांनी मोठ्यानं नाव सांगायचं. मडकी कोनी घडवली? नाव. हलद कोनी कुटली? नाव. ज्याचा हात लागला त्याचं नाव मांडवात घुमलं पाहिजे.

मांडव बहुतेक वेळा माझा असायचा. कशेळ्याला माझा मंडप, लायटिंग आणि साउंडचा धंदा आहे. दुकानावर लाल अक्षरांत माझं पूर्ण नाव होतं. होतं म्हणतो, ते का ते ओघात येईलच. तर तालुक्यातल्या कितीतरी नवऱ्या माझं नाव ऐकत हळदीला बसल्या आहेत. ती ओळ जवळ आली की मी वायरी गुंडाळायचं काम टाकून पुढे येऊन उभा राहायचो. बायको म्हणायची, "आले पुढारी."

तिचा आणि माझा वीस वर्षांचा शेजार. शेजार म्हणजे मांडवातला. मी खांबावर, ती पाटाजवळ. मी तिला मावशे म्हणायचो, ती मला "मांडववाल्या" म्हणायची. कधी "मुडद्या". त्यात माया होती असं मी धरून चाललो होतो.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मी इसरत नाय रं." हे ती भांडताना म्हणत नसे. चहा पिताना, पान लावताना, अगदी गोड आवाजात म्हणायची, आणि ऐकणारा आपण हिचं कधी काय केलं ते आठवायला लागायचा.

एका हळदीत नवऱ्याच्या काकानं तिला कान तुटलेल्या कपातून चहा दिला होता. पाहुण्यांना नवे कप, हिला तो. ती चहा प्यायली, कप विसळून ठेवला. पंधरा वर्षांनी त्याच काकाच्या मुलीची हळद निघाली आणि हिनं भर मांडवात नवा धवला काढला. त्यात नवरीच्या घरी सोन्याची ताटं, रुप्याच्या वाट्या, आणि कपाला कान नाय गं बाय, कपाला कान नाय. बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. काका दुसऱ्या दिवशी कर्जतला जाऊन कपबशांचा डझन घेऊन आला.

कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये मॅनेजर तिला म्हणाला, "मावशी, पाच मिनिटांत आटपा, बुफे ओपन करायचाय." ती म्हणाली, "बरं बाला." आणि तिनं उठवणीचा धवला असा काही लांबवला की पनीरवर साय धरली. नवरीकडचं मुंबईचं वऱ्हाड प्लेटा हातात घेऊन, अत्यंत आदरानं, उपाशी उभं होतं.

आता त्या गाण्याकडे येतो. तुम्ही ते ऐकलेलं आहे. त्यावर नाचलाही असाल. मी कोणाला सांगणार नाही.

तिच्याकडे एक धवला असा होता की तो ती क्वचित गायची. ज्या नवरीला आई नाही, तिच्याच हळदीत. पाटावर बसलेल्या नवरीचे दोन्ही हात हळदीनं माखलेले असतात आणि नेमकं तेव्हाच नाकाला खाज सुटते. हे प्रत्येक नवरीचं होतं, कारण मला ठाऊक नाही. आई जवळ असते, ती पदरानं नाक खाजवते. आई नसेल तर? तर धवला असा:

नाक खाजतंय नवरीचा
हात भरलाय हलदीचा
आई नाय गं मांडवात, कोन खाजवील?

इथे ती थांबायची. बाया हसत असायच्या, म्हाताऱ्या डोळे पुसत असायच्या. मग चौथी ओळ:

थोरली भईन उठली गं, ती खाजवील.

आणि मोठी बहीण, नसेल तर मावशी, तीही नसेल तर शेजारीण, पुढे होऊन नवरीचं नाक खाजवायची. हे तिनं स्वतः बांधलेलं होतं. तिची आई लवकर गेली. पाठच्या बहिणीला हिनंच वाढवलं, हिनंच खालापूरकडे दिली. त्या हळदीत बहीण पाटावर नाक वेडंवाकडं करत बसली होती आणि रडत होती, तेव्हा हिच्या तोंडून हे निघालं. पहिला धवला तो. त्याच्यानंतर लोक तिला बोलवायला लागले.

एकदा कशेळ्यापलीकडच्या एका गावात ती हे गात होती. मी फोन काढून रेकॉर्ड करायला घेतलं. हेतू काही वाईट नव्हता, हेतूच नव्हता. तीन ओळी झाल्या आणि माझा जनरेटर खोकला. मी फोन खिशात टाकून धावलो. चौथी ओळ राहिली ती राहिलीच.

शेलूला नव्या बिल्डिंगमध्ये एक तरुण राहतो, घरातच गाणी करतो. मांडवांतून वाजवायला माझ्याकडे त्याची गाणी असायची, तशी ओळख. त्याला म्हटलं, बघ, काहीतरी मजेशीर आहे. पाठवून दिलं. आठ दिवसांनी त्याचा फोन. मी शिडीवर होतो, दातांत सुतळी धरलेली.

"काका, भारी झालंय. खाली नाव काय टाकू? शब्द कोणाचे?"

मी सुतळी काढली आणि लक्षात आलं की मला तिचं नाव माहीत नाही. वीस वर्षं! फोनमध्ये ती "हळद मावशी" म्हणून होती. लग्नपत्रिकेत धवलारणीचं नाव छापत नाहीत. ती त्याच क्षणी खाली, शिडीपासून पन्नास पावलांवर, तांदूळ निवडत बसली होती. हाक मारून विचारता आलं असतं. पण वीस वर्षांनी नाव विचारायचं म्हणजे मलाच कसंतरी वाटलं, आणि हातात झालर होती.

"टाक पारंपरिक," मी म्हटलं, आणि झालर बांधायला लागलो.

त्यानंतर जे झालं ते तुमच्यासमोर झालं. त्यानं तिचा आवाज तसाच ठेवला, खाली ढोल घातले, मधे स्वतः काहीतरी भरभर बोलला, आणि "कोन खाजवील?" या प्रश्नावर सगळं थांबवून धाडकन ठोका टाकला. चौथी ओळ नव्हतीच, त्यामुळे प्रश्न तसाच लोंबकळत राहिला आणि लोकांना तोच आवडला. त्यावर नाचायची एक तऱ्हा निघाली: दोन्ही पंजे हळद लागल्यासारखे वर धरायचे आणि नाक खांद्यावर घासायचं. पहिल्यांदा कॉलेजच्या पोरींनी केलं. मग पुण्यातल्या जिममध्ये, मग परदेशात बर्फात उभ्या असलेल्या कुठल्याशा वऱ्हाडानं. क्रिकेटच्या मॅचला विकेट पडली की बोलर खांद्याला नाक घासायला लागला. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला चौथीची चाळीस मुलं एका वेळी नाक घासत होती आणि मुख्याध्यापक टाळ्या वाजवत होते. निवडणुकीत एका उमेदवाराच्या गाडीवर वाजलं, "रस्ता खराब गावाचा, कोन बांधील?" कर्जतला एका वडापावच्या गाडीचं नावच "कोन खाजवील" ठेवलं, तिथं खायची माझी हिंमत झाली नाही.

आई नसलेल्या मुलीचं गाणं, आणि ते आई शेजारी उभी असलेल्या मुली नाचत होत्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या पहिले काही महिने कानांवर हात ठेवायच्या. नंतर त्याही हरल्या. आणि ते वाजवण्यात सगळ्यात पुढे कोण होतं? सांगत नाही, स्पीकर माझे होते.

तिच्यासमोर माझा डबा बंदच असायचा, म्हणून बहिणीकडून कानावर आलं होतं तरी तिनं ते स्वतः पहिल्यांदा ऐकलं ते कशेळ्याच्या नाक्यावर, जीपची वाट बघताना, भाजीच्या टेंपोतून. ती तिथून थेट माझ्या दुकानात आली.

"माजाच गला हाय तो."

"हो मावशे. हिट झालंय तुझं गाणं. सगळीकडे..."

"कोनाचा म्हनून लागतंय?"

"म्हणजे?"

"खाली लिवलेला असतंय ना. वाच."

मी चष्मा लावला, मग काढला, मग पुन्हा लावला. वाचलं. गायक अमुक. संगीत अमुक. शब्द आणि चाल, पारंपरिक.

"ह्यो कोन पारंपरिक? नेरल साइडचा हाय का?"

"माणूस नाही मावशे. पारंपरिक म्हणजे जुनं. कोणी बांधलं ते कोणालाच माहीत नाही असं."

"मी हाय ना जित्ती. मला म्हाईत हाय कोनी बांधला." पुढे म्हणाली, "माज्या भनीनं नातवाला सांगितला, ह्ये माज्या नाकाचा गाना हाय, माज्या भनीनं बांधलाय. पोर शालंत जाऊन बोलला. मास्तरीन म्हनली, खोटा बोलू नको, ह्ये पारंपरिक हाय. पोरगा रडत घरी आला. आता भईन त्या गान्याचा नाव काडत नाय." मग विचारलं, "कोनी सांगितला रं ह्ये लिवायला?"

इथे माणसानं खरं बोलावं. मी म्हणालो, "कंपनीवाले टाकतात काहीतरी."

"हां," ती म्हणाली. "गावंल तो. मी इसरत नाय."

पुढचं वर्षभर ती ज्या ज्या हळदीत गायली तिथं तिनं शेवटी चार ओळी जोडल्या. ज्यानं माजा नाव पुसला, त्याच्या डालीत खडा निघो. त्याच्या दिव्याची वात इझो. त्याच्या धोतराची कास सुटो. चारचौघांत सुटो गं बाय. बाया आनंदानं साथ करायच्या. मी खांबाला टेकून उभा असायचो आणि बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवायचो.

पहिल्या महिन्यात माझी दाढ खड्यानं तुटली. आमटी बायकोनंच केली होती. पुढे एका आमदाराच्या पुतण्याच्या हळदीत ऐन वेळी दोन्ही जनरेटर बंद पडले. धोतर मी नेसत नाही म्हणून निर्धास्त होतो. तर खालापूरच्या एका मांडवात शिडीवरून खिळ्याला अडकून पँट अशी फाटली की वरमाईनं तोंड फिरवलं. ती खालून वर बघत म्हणाली, "काय रं, तुला कोनाचा शाप लागलाय?" तेव्हा तिला काही ठाऊक नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला तो वाऱ्यानं नव्हता.

एक दिवस ती म्हणाली, "शेलूला जायचा हाय. त्या गानेवाल्याच्या घरी. तुजा टेंपो काड."

टेंपोचं इंजिन काढलंय म्हणावं, असं मनात आलं. पण इंजिन चालू होतं आणि ती पुढच्या सीटवर बसलेलीही होती. कशेळे ते शेलू या रस्त्यावर मी एवढे नवस कधी बोललो नव्हतो. तो घरी नसू दे. तो दुबईला गेलेला असू दे. निदान लिफ्ट बंद असू दे. कळंब गेलं, नेरळ गेलं, लिफ्ट चालू होती, आणि दार त्यानंच उघडलं.

पोरगा सभ्य निघाला, हेच माझं दुर्दैव. तो तिच्या पाया पडला. त्याच्या आईनं चहा आणला, नव्या कपांतून. माझं लक्ष आधी कानांकडे गेलं. पैशांचं त्यानं आपण होऊन काढलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"माजा नाव का नाय लिवला?"

तो गोंधळला. "मावशी, मी विचारलं होतं ना. काकांना फोन केला होता. काकाच म्हणाले, टाक पारंपरिक."

मी वर पंख्याकडे बघायला लागलो.

ती माझ्याकडे वळली नाही. बशी उचलली, चहा ओतला, सावकाश प्यायली. मग म्हणाली, "च्या थंड होतोय. पी." मी प्यायलो.

त्यानं तिथल्या तिथे तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यानं बदललंही. पण तोवर त्या गाण्याच्या हजार नकला फिरत होत्या, आणि सगळीकडे तोच माझा शब्द चिकटलेला होता. पाण्यात सांडलेली हळद कोण गोळा करणार? निघताना पोरानं विचारलं, "मावशी, पुढची ओळ काय आहे? नवं गाणं करू, तुमच्या नावानं." ती म्हणाली, "ती तुला नाय मिलनार. बस प्रश्न इचारत."

परत येताना ती पुढे बसली नाही. मागे, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसली. कशेळ्याच्या नाक्यावर उतरली आणि खिडकीशी आली.

"पोरगी कितवीला हाय तुजी?"

"कॉलेज. शेवटचं वर्ष."

"हां," ती म्हणाली. "येल वेल."

पुढची दोन वर्षं तिनं मला एक वावगा शब्द ऐकवला नाही. शिव्याशापांच्या ओळी बंद झाल्या. मला ती "अहो" म्हणायला लागली. "अहो मांडववाले, वायर सरकवता का जरा?" वीस वर्षं मुडद्या म्हणणारी बाई अहो म्हणायला लागली की काय होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. आणि नावांच्या धवल्यात ती माझी ओळ गाळायची. मडकी कोनी घडवली, हलद कोनी कुटली, पाट कोनी रंगवला. मांडव आपोआप उगवल्यासारखा. मी सवयीनं पुढे येऊन उभा राहायचो आणि तसाच मागे जायचो.

मुलीचं लग्न ठरलं. बायको म्हणाली, "पाया पडा, माफी मागा, नाहीतर ती यायची नाही." मी नारळ आणि हळदकुंकू घेऊन गेलो. माफीचं वाक्य रस्त्यात चारदा घोकलं होतं. तिनं ते सुरूच होऊ दिलं नाही. नारळ घेतला आणि हसून म्हणाली, "येनार तर. कवापासून वाट बगतेय."

बायकोला वाटलं, मिटलं. मला तसं वाटलं नाही, पण मांडव घालायचा होता.

हळदीच्या दिवशी ती हिरवंगार नवं लुगडं नेसून आली. बरोबर तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी. उन्हं कलली होती. तिनं स्पीकरला धक्का दिला, भिंतीकडे फिरवला, आणि जे काही गायली! उखळाचा धवला, हळदीचा, पाटाचा. आमच्या लेकीला पाटावर बसवलं, बायांनी हळद लावली, हात कोपरापर्यंत पिवळे झाले. मी मनात म्हटलं, उगाच घाबरलो.

आता नावांचा धवला आणि मग उठवणी. तिनं पिशवीतून पान काढलं. दुमडलं, गालात घातलं. शिकाऊ दोघींना एकेक दिलं. तिघींचे गाल फुगले. मग ती उठली आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांतल्या पहिल्या ओळीत, कव्हर घातलेल्या माझ्याच खुर्चीवर, जाऊन बसली.

मी वाकून म्हटलं, "मावशे, पुढचं राहिलंय."

पान सावरत ती म्हणाली, "मी आता पावनी हाय."

"मग गाणार कोण?"

"पारंपरिकला बोलीवलाय ना?"

लेक पाटावर. हळद सुकायला लागली. गालांवर भेगा पडल्या. पाहुणे कुजबुजायला लागले. पोरांचं टोळकं ओरडलं, "काका, ते गाणं लावा, नाक खाजतंय!" बायकोनं माझ्याकडे बघितलं. "लावून बघा," ती म्हणाली. "मी जिवंत आहे अजून." आणि तिकडून लेकीची हाक, "पप्पा, नाक." बायको पदर घेऊन धावली.

मी पुन्हा तिच्यापाशी गेलो. "मावशे, जे काय असेल ते माझ्यावर काढ. पोरीचा काय दोष?"

"माज्या भनीच्या नाकाचा काय दोष हुता रं?"

दोन वर्षांनी पहिल्यांदा ती मला रं म्हणाली. मला का कोण जाणे, बरं वाटलं. मी माइक उचलला. तिनं बोटानं खुणावलं, खाली ठेव. "डबा नाय. मानूस."

मी माइक ठेवला आणि माझ्या आवाजात बोललो. माझा आवाज इतका बारीक आहे हे मला त्या दिवशी कळलं. आजवर मधे नेहमी ॲम्प्लिफायर होता. मी सांगितलं की ज्या गाण्यावर सगळे नाचतात ते या बाईनं बांधलेलं आहे, तिच्या बहिणीच्या हळदीत, आई नव्हती म्हणून. आणि पारंपरिक हे मी लिहायला लावलं, कारण वीस वर्षांत मी हिचं नाव विचारलं नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. मग तिचं नाव घेतलं.

"मागं आयकू गेला नाय," ती म्हणाली.

पुन्हा घेतलं. तिनं कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा इतक्या जोरात घेतलं की आचारी झारा हातात घेऊन बाहेर आले.

तेव्हा ती उठली. पान थुंकली, तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, एकदा नाही, तीनदा, अगदी निवांत. पाटाजवळ बसली आणि नावांचा धवला सुरू केला. मांडव कोनी घातला? माझा मेव्हणा उत्साहानं माझं नाव ओरडणार, इतक्यात तिनं त्याच्यापुढे हात आडवा धरला आणि उत्तर स्वतःच गायली:

"मांडव घातला पारंपरिकानं गं बाय, पारंपरिकानं."

मांडव हसला. लेकही हसली आणि तिच्या गालांवरची हळद पोपड्यांसारखी गळली. मग उठवणीचा धवला झाला आणि पोर पाटावरून उठली.

जेवताना तिनं मला शिक्षेची कलमं सांगितली. श्रीखंड संपवून, बोटं पुसून. "जिथं तुजा मांडव, तिथं गाना कोनी बांधला ह्ये तू सांगायचा. तोंडानं. आनि लिवायचा नाय कुठं. तुजा हात एकदा लागला माज्या नावाला, बास झाला."

म्हणून इथे तिचं नाव नाही. तुम्हाला ते ऐकायचं असेल तर माझ्या मांडवात यावं लागेल.

माझं नाव म्हणाल तर तेही राहिलं नाही. ती ओळ त्या हंगामात सगळ्या धवलारणींनी उचलली. लोक फोन करून विचारायला लागले, "पारंपरिक मंडपवाले का?" पहिले सहा महिने मी रागावलो. मग गिऱ्हाइकांना दुकान सापडेना म्हणून बोर्ड रंगवून घेतला. आता तिथं लाल अक्षरांत तेच आहे. जावई मला फोनमध्ये काय म्हणून ठेवतो हे मी विचारत नाही.

गेल्या भाद्रपदात ती गेली. ताप दोन दिवसांचाच. दिवसकार्याला तिची बहीण खालापूरहून आली होती, नातवाला घेऊन. मी चोरून तिचं नाक बघितलं. ज्याच्यावर अख्खा महाराष्ट्र नाचला ते नाक साधंच होतं, जरा बसकं. तिच्या दोन्ही हातांत पिंडाचा भात होता आणि ते नाक ती खांद्यावर घासत होती. नातवानं पुढे होऊन पुसलं.

परवा एका वाडीवर मांडव होता. नवरीला आई नाही. धवले गायला तिच्या त्या दोघींपैकी धाकटी आली होती. ती यायच्या आधीच मी स्पीकर भिंतीकडे फिरवून ठेवला. आता माझ्याही कमरेला तो धक्का जमतो. तिनं नाकाचा धवला काढला. तीन ओळी झाल्यावर वाडीवरच्या पोरांचे पंजे आपोआप वर गेले, खांदे नाकाशी आले, ठोक्याची वाट बघत. ठोका आला नाही. चौथी ओळ आली. नवरीची थोरली बहीण उठली आणि तिनं तिचं नाक खाजवलं. पोरांचे हात हळूहळू खाली आले.

मग नावं. मांडव कोनी घातला? सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, पारंपरिकानं. मी मान लववली. मडकी, हळद, पाट झाले.

"गाना कोनी बांधला?"

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी हातातली वायर खाली ठेवली, पुढे आलो, आणि मागच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.